वाई ते पोलादपूर: एका घाटरस्त्याची पार्श्वभूमी

सुरूर फाट्याला महामार्ग सोडला की वाई, पसरणी घाट, पाचगणी, वेण्णा तलाव, महाबळेश्वर आणि मग आंबेनळी उतरून पोलादपूर, हा रस्ता आज बहुतेक जण हवा खायला आणि फोटो काढायला धरतात. पण तो सहलीसाठी झालेला नाही. देश आणि कोकण यांच्यातली ये-जा, एक लढाई, आजारी गोरे सैनिक आणि साताऱ्याची गादी, एवढ्या कारणांनी तो तुकड्यातुकड्याने घडला.

वाई कृष्णाकाठची, पेशवाईत सरदारांनी घाट आणि देवळांनी भरून टाकलेली. ढोल्या गणपती रास्त्यांनी बांधला. पण थोडी वाट वाकडी करून मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर जरूर जावे. तिथे छोट्या मंडपात टांगलेली ओतीव घंटा पोर्तुगीज चर्चमधली आहे. चिमाजी अप्पांच्या १७३९च्या वसई मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेल्या घंटांपैकी ती एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी स्पष्ट दिसते. कृष्णेच्या घाटावर, शिवमंदिराला लागून, ती इतकी वर्षे सुखाने नांदते आहे.

वाईहून पश्चिमेला चढणारी वाट त्याहून जुनी. १६५९ साली अफजलखान याच वाईत तळ देऊन बसला होता. पूर्वी तो इथला सुभेदार होता, त्यामुळे मुलूख त्याच्या ओळखीचा. शिवाजी महाराज मात्र खाली उतरले नाहीत. त्यांनी खानालाच जावळीत बोलावले. त्याची फौज महाबळेश्वरचा डोंगर ओलांडून रडतोंडीच्या घाटाने पार गावी उतरली. हत्ती, तोफा, बाजारबुणगे घेऊन उतरायचा तो घाट, नावातच सगळे आले. १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झाले ते सांगायला नको. वाईहून प्रतापगड पाहायला निघालेली आपली गाडी ढोबळ मानाने खानाचाच रस्ता धरते, आणि डाव्या-उजव्या दऱ्या पाहिल्या की महाराजांनी हीच जागा का निवडली ते पुस्तकाविना कळते.

महाबळेश्वरचे क्षेत्र पुरातन, पण पेठ इंग्रजी अमलातली. १८२४ साली साताऱ्यातला फौजी अधिकारी लॉडविक इथे चढून आला आणि थंड हवेची बातमी खाली गेली. १८२९ साली मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने आजारी गोऱ्या सैनिकांसाठी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा वाई भागातल्या खंडाळा गावाच्या बदल्यात घेतली. पेठेला नाव पडले माल्कमपेठ. साताऱ्याहून वर येणारा रस्ता मात्र प्रतापसिंह महाराजांनी करवला. दहा वर्षांनी, १८३९ साली, त्याच इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून काशीला धाडले. मागून गादीवर आलेले त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली वेण्णा तलाव बांधवला. आप्पासाहेब १८४८ साली वारले आणि साताऱ्याचे राज्य खालसा झाले.

मला हे मोठ्याने सांगावेसे वाटते, कारण इथल्या कड्यांना लॉडविक, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, ऑर्थर यांची नावे आहेत. ज्या तलावात आपण नाव वल्हवतो तो एका छत्रपतींचा आणि वर येणारा जुना रस्ता दुसऱ्या छत्रपतींचा, हे सांगणारा ठळक फलक तलावाकाठी हवाच. आजही महाबळेश्वर-पाचगणीची तहान हेच पाणी भागवते.

आणखी एका हाताची नोंद राहून जाते. इंग्रजांनी इथे चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग ठेवला होता. १८६४च्या सुमारास तो बंद झाला. तोवर पेठेतले रस्ते आणि बटाट्या-भाज्यांचे मळे याच लोकांनी घाम गाळून उभे केले. पाचगणी महाबळेश्वरच्या नंतरची. चेसन नावाच्या इंग्रजाने ती वसवली, आणि पुढे तिथे निवासी शाळा आल्या.

खरी गंमत पश्चिमेच्या उतरणीत आहे. कोकणातून वर येण्याची मूळ वाट पारघाटाची. बाणकोटच्या खाडीने महाडपर्यंत होडीतून आलेला माल तिथून बैलांच्या पाठीवर लादून पारवरून देशावर जाई. मुंबईचे साहेबही आधी समुद्रमार्गे येऊन मग याच बाजूने चढत. पण चढ उभा, चाकाच्या गाडीला अवघड. म्हणून सरकारने लांब वळणांचा, बेताच्या चढाचा नवा रस्ता कोरला. १८७६ साली तो खुला झाला, फिट्झगेराल्ड घाट या नावाने. तोच आपला आंबेनळी. बैलाला जी वाट पुरत होती ती बग्गीला पुरेना, एवढ्यावरून वाहतूक पारकडून उठली आणि पारचा बाजार मागे पडला.

आंबेनळीही निर्धास्त नाही. २२ जुलै २०२१ला महाबळेश्वरात चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, दरडी कोसळल्या, रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला आणि घाट बंद पडला. पावसाळ्यात उतरण्याआधी घाट चालू आहे का ते विचारूनच निघावे.

२०२५ साली प्रतापगड इतर मराठा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, त्यामुळे गडावर गर्दी वाढणारच. गड पाहून झाल्यावर खाली पारला अवश्य उतरा. रामवरदायिनीचे देऊळ आहे, आणि कोयनेवर शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी कमानींचा पूल आहे. त्यावरून आजही चालत जाता येते.