फिट तपासणीचा रिपोर्ट: "पास की नापास?"

रिपोर्ट हातात पडला की आमच्या लॅबच्या काउंटरवर हमखास हा प्रश्न येतो. फिट (FIT) म्हणजे आतड्याच्या कॅन्सरचा संशय पाहण्यासाठी शौचातलं रक्त मोजणारी तपासणी. तिच्यापुरतं या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

मोठ्या आतड्यातली गाठ किंवा पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेला कोंब) यातून अधूनमधून रक्त पाझरतं. ते रक्त डोळ्यांना दिसत नाही, फिटमध्ये सापडतं. एक ग्रॅम शौचात किती मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन, असा आकडा येतो. तो ठरलेल्या कट-ऑफच्या वर गेला की दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी करायला सांगतात.

गंमत अशी, की हा कट-ऑफ जगभर एक नाही. काही त्रास नसलेल्यांच्या सरकारी तपासणीसाठी स्कॉटलंडने २०१७ साली ८० धरला, इंग्लंडने २०१९ साली १२०. नेदरलँड्सने २०१४ मध्ये १५ ने सुरुवात केली. अपेक्षेपेक्षा जास्त लोक पॉझिटिव्ह निघाले, दुर्बिणीसाठी रांग लागली, आणि त्याच वर्षी तो ४७ करावा लागला. म्हणजे कट-ऑफ ठरवताना आजाराइतकाच दुर्बिणीच्या रांगेचाही विचार होतो.

स्वीडनमध्ये बायकांना ४० आणि पुरुषांना ८०, फिनलंडमध्ये २५ आणि ७०. कारण बायकांच्या शौचात सरासरी हिमोग्लोबिन कमी उतरतं. दोघांना एकच कट-ऑफ लावला, तर बायकांमधले कॅन्सर जास्त निसटतात. आम्हाला हे पटतं. वयाप्रमाणेही आकडा चढत जातो.

ज्यांना त्रास आहे त्यांचा हिशोब निराळा. शौचाच्या सवयी बदलल्या, वजन उतरलं, रक्त कमी झालं, अशांसाठी ब्रिटनमध्ये १० वरच पुढची तपासणी सुचवतात. तेव्हा ३५ आकडा आला, तर तो कोणाचा आणि कशासाठी काढला, हे कळल्याशिवाय त्याला "नॉर्मल" म्हणता येत नाही. बाजारातल्या दोन रेघांच्या कार्डात कट-ऑफ कंपनीनेच ठरवलेला असतो, आकडा दिसतच नाही. आम्ही मशीनवर मोजून आकडा छापतो. त्यासाठी फॉर्मवर वय, बाई की पुरुष आणि त्रास हे रकाने कोरे ठेवू नका.

आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर निगेटिव्ह फिटवर विसंबू नका. डॉक्टरांना तसं सांगा.

नमुन्याचं थोडं. पथ्य नको, लोहाच्या गोळ्याही चालतात. पाळी चालू असताना किंवा मूळव्याधीचं रक्त पडत असताना थांबा. शौच पाण्यात पडू देऊ नका, खाली कागद धरा. आम्ही दिलेल्या बाटलीतल्या काडीच्या टोकाला खाचा आहेत. दोन-तीन ठिकाणी टोचून तेवढ्या भरा. "भरपूर घेतलंय" म्हणून बाटली ठासून आणणारे दर आठवड्याला भेटतात, त्यांना परत पाठवावं लागतं.

एप्रिल-मेमध्ये बाटली स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. उन्हाने हिमोग्लोबिन तुटतं आणि आकडा खोटाच कमी येतो. घरी फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी आम्ही उघडल्या-उघडल्या आणून द्या.