‘जग’मधला ज आणि फॉन्टची परीक्षा

‘हे जग’ म्हणताना आणि ‘शंभर वर्षं जग’ असा आशीर्वाद देताना आपण दोन वेगळे ज उच्चारतो. पहिल्यात जीभ टाळूकडे जाते, दुसऱ्यात दातांमागे. देवनागरीत दोन्हींना एकच अक्षर आहे आणि मराठी बोलणाऱ्याचं वेगळ्या अक्षरावाचून काही अडत नाही. भाषाविज्ञानाच्या लेखात मात्र हा फरक कागदावर दिसायलाच हवा. त्यासाठी आंतरराष्ट्रीय स्वनलिपी, म्हणजे आयपीए, वापरतात. तिच्यात दातांमागच्या ज-साठी रोमन डी आणि साधा झेड लिहितात, टाळूच्या ज-साठी डी आणि इंग्रजी तीनच्या आकड्यासारखा दिसणारा झेड. दोन अक्षरं मिळून ध्वनी एकच आहे, हे सांगायला दोघांच्या डोक्यावर एक चाप काढतात.

हा चाप मला फॉन्टची सर्वांत कडक परीक्षा वाटतो. डीचा दांडा उंच, झेड बुटका. चापाने दांड्याला न टेकता वरून जायला हवं आणि दोन्ही अक्षरांवर सारखं पसरायला हवं. संगणकाच्या लेखी चाप ही स्वतंत्र खूण आहे. टाइप करताना ती पहिल्या अक्षरानंतर आणि दुसऱ्याच्या आधी येते. ती कुठे टेकवायची याचे बिंदू फॉन्ट बनवणाऱ्याने अक्षराअक्षरावर आखून ठेवावे लागतात. ते आखलेले नसले की चाप डीच्या दांड्याला छेदतो, नाहीतर उजवीकडे घसरून झेड आणि पुढचा स्वर यांना एकत्र बांधतो. म्हणजे छापलेला उच्चारच चुकतो.

ही लिपी जिने घडवली ती संघटना 1886 साली पॅरिसमध्ये सुरू झाली, शिशाच्या खिळ्यांच्या काळात. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याच्या खणात आधीपासून असलेले खिळे उलटे लावून तिची कितीतरी चिन्हं तयार होत: उलटा ई, उलटा व्ही, उलटा आर, उलटा एम. आज ही चिन्हं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आहेत. त्याआधीच्या स्वनलिपी फॉन्टांत कुठल्या कळीवर कुठलं चिन्ह हे ज्याने त्याने आपापलं ठरवलेलं असे, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की भलतीच अक्षरं दिसत. जुन्या मराठी फॉन्टांतला मजकूर ज्यांनी कधी उघडला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

फॉन्ट बदलल्यावर आता अर्थ तरी शाबूत राहतो, पण देखणेपणाची खात्री नाही. फॉन्टमध्ये चिन्ह नसलं की रिकामी चौकट दिसते. ती बरी, निदान लक्षात येते. सॉफ्टवेअर गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून चिन्ह उसनं आणतं ते जास्त वाईट. एकाच शब्दात चार अक्षरं बारीक, पाचवं जाड, आणि वाचणाऱ्याला वाटतं की त्या जाडीला काही अर्थ आहे.

इटॅलिकचा सापळा याहून बेमालूम आहे. आयपीएमध्ये लहान ए दोन आहेत: छापील पुस्तकातला वर टोपी असलेला दुमजली, आणि आपण हाताने लिहितो तसा एकमजली. पहिला जिभेच्या पुढच्या भागाचा स्वर, दुसरा मागच्या. कितीतरी फॉन्टांत इटॅलिक केलं की दुमजली ए आपसूक एकमजली होतो आणि दोन स्वरांचा एक स्वर होऊन बसतो. म्हणून लेखातले मूळ शब्द मी इटॅलिकमध्ये दिले तरी त्यांचं स्वनलेखन सरळच ठेवते.

मग वापरायचं काय? भाषांवर काम करणाऱ्या एसआयएल या संस्थेचे फॉन्ट याच कामासाठी बनवलेले आहेत, मोफत मिळतात आणि त्यांचा परवानाही खुला आहे. डुलॉस टाइम्सच्या वळणाचा. जेंटियम नाजूक आणि सुरेख. माझी पसंती चॅरिसला. मॅथ्यू कार्टर यांनी 1987 मध्ये, कमी दर्जाच्या प्रिंटरवरही अक्षर टिकावं म्हणून, चार्टर हा फॉन्ट आखला होता. चॅरिस त्यावरून घडवलेला आहे आणि तळटिपांच्या बारीक अक्षरातही त्याची चिन्हं बुजत नाहीत. स्लाइडसाठी बिनटोकांचं (सॅन्स सेरिफ) अक्षर हवं असेल तर अँडिका घ्यावा. तो नवशिक्या वाचकांसाठी आखलेला असल्याने त्यात मोठा आय आणि लहान एल एकसारखे दिसत नाहीत. बिनटोकांच्या बऱ्याच फॉन्टांत हे दोन्ही म्हणजे नुसती उभी रेघ असते.

कुठलाही फॉन्ट घेण्याआधी मी माझी एक ठरलेली ओळ त्यात लावून बघते. डी-झेडवरचा चाप, नासिक्य स्वराच्या नागमोडी रेघेवर चढवलेली उच्च सुराची तिरकी रेघ, दीर्घ स्वराचे दोन छोटे त्रिकोण, आणि शेजारीच साधा अपूर्णविराम. त्रिकोण आणि ठिपके वेगळे ओळखू यायला हवेत. ही ओळ तळटिपेच्या आकारात कागदावर छापते. पडद्यावर ती मोठी करून बघता येते, कागदावर नाही. शेवटी पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड झाला आहे ना, म्हणजे फाइलमध्येच सामावला आहे ना, हे फाइलच्या माहितीत तपासते. तो राहून गेला तर माझ्या संगणकावर जागच्या जागी असलेला चाप छापखान्यात पुन्हा घसरतो.