फाशीचा दोर तुटला तर कैद्याची सुटका होते का?

फाशी देताना दोर तुटला, तर कैद्याला सोडून द्यावे लागते, असे कित्येक वर्षे सांगितले जाते. भारतीय कायद्यात अशी तरतूद नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 354(5) नुसार मृत्युदंडाच्या आदेशात ‘मृत्यू होईपर्यंत गळफास’ असे नमूद करावे लागे. तिच्या जागी आलेल्या 2023 च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कलम 393(5) मध्ये हीच अट आहे. शिक्षा मृत्यूनेच पूर्ण होत असल्याने तुटलेला दोर आदेश रद्द करू शकत नाही. माफीचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद 72 आणि 161 प्रमाणे राष्ट्रपती व राज्यपालांकडे आहे.

समज मात्र अगदीच निराधार नाही. मध्ययुगीन युरोपात दोर तुटणे हा दैवी संकेत मानून कधीकधी माफी मिळत असे. 1885 मध्ये इंग्लंडमधील एक्सेटरच्या तुरुंगात एका कैद्याला फाशी देताना तख्ताचा पायाखालचा दरवाजा तीनदा उघडला नाही; पण तो कैदीही आपोआप सुटला नाही, तर सरकारने शिक्षा जन्मठेपेत बदलली आणि तो 1907 मध्ये, म्हणजे 22 वर्षांनी बाहेर आला.