दान कुणाचं? मोबाइलवरच्या पटखेळांची पार्श्वभूमी

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाराच्या पुढे घराबाहेर पडायची सोय नसते. २३ मे २०१३ ला इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि त्रेचाळीस-चव्वेचाळीस तर नेहमीचेच. कूलरसमोरची फरशी पुसून घ्यायची, खडूनं अष्टचंगाचा पाच बाय पाच घरांचा पट आखायचा, ठरलेल्या घरांत फुल्या मारायच्या आणि चिंचोके टाकायचे, हा या दुपारींचा जुना बंदोबस्त. आता त्याच फरशीवर पोट्टे बसतात, मधे पटाच्या जागी एक फोन असतो आणि तो हातोहात फिरतो. लुडो, बुद्धिबळ, सैन्य हलवायचे डावपेचाचे खेळ: नावं निराळी, पण सगळ्यांची रीत एकच. एकानं खेळी करायची, बाकीच्यांनी थांबायचं. या थांबण्याचं आणि दानाच्या हिशेबाचं काय काय होत गेलं, त्यावरच हे खेळ घडले किंवा बिघडले.

सुरुवात चिंचोक्यापासून करू, कारण लुडोच्या ॲपबद्दलच्या निम्म्या तक्रारींचं उत्तर त्यात आहे. चार चिंचोके घ्यायचे. प्रत्येकाची एक बाजू खरखरीत दगडावर घासायची, वरची तपकिरी साल जाऊन पांढरं दिसेपर्यंत. एक पांढरा वर आला की एक, दोन आले की दोन, तीनला तीन. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि या दोन्ही दानांवर पुन्हा टाकायला मिळतं. अष्टचंग हे नावही या दोन दानांवरूनच आलेलं. चिंचोका जास्त घासला गेला की चपटा होतो आणि ठरावीक बाजूवरच पडायला लागतो. मग चारही बदललेले बरे.

आता मोजू. चार चिंचोके पडायच्या एकूण तऱ्हा सोळा. त्यांत दोन पडायच्या सहा, एकाच्या चार, तीनच्या चार, चारची एक आणि आठची एक. म्हणजे विरोधकाच्या सोंगटीपुढे दोन घरांवर थांबणं सगळ्यांत धोक्याचं, आणि चार घरांवर थांबलात तर बरेच सुरक्षित. हे गणित कुणी कागदावर मांडत नसे, पण दोन-चार उन्हाळे खेळलेल्या पोराच्या हाताला ते ठाऊक असायचं.

पचिसीत हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. कापडी पटाला चार पट्ट्या, प्रत्येक पट्टीत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे ९६ घरं आणि मधला चौक. सोंगट्या सोळा, आणि समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. सहा कवड्यांच्या रीतीत सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस, एकच उताणी पडली तर दहा, दोन ते सहा उताण्या पडल्या तर तितकेच. पंचविसाचं दान दुर्मिळ, म्हणून खेळाला त्याचंच नाव. फत्तेपूर सिक्रीला राजवाड्याच्या अंगणात हा पट दगडात आखलेला आजही दिसतो. याच पटावर कवड्यांऐवजी तीन लांबट फासे घेतले की तो चौसर, आपला सारीपाट. एक आणि बारा हे फाशांचं दान म्हणजे पोबारा. मराठीत माणूस ‘पोबारा करतो’ तो तिथूनच.

१८९६ मध्ये इंग्लंडमध्ये अल्फ्रेड कोलियर यानं ‘रॉयल लुडो’चं पेटंट घेतलं. पट ओळखीचाच राहिला, पण दोन गोष्टी गेल्या. भिडू गेला, प्रत्येक जण स्वतःपुरता खेळू लागला. आणि कवड्यांच्या जागी सहा बाजूंचा एकच फासा आला. एका फाशावर एक ते सहा सगळी दानं सारख्याच शक्यतेची, त्यामुळे विरोधकापुढे दोन घरांवर थांबा की पाच घरांवर, थेट मार बसण्याचा धोका तोच. जागा निवडण्यातलं कसब बरंचसं तिथंच संपलं. लहान पोरांना खेळ सोपा झाला हे खरं, पण पचिसीच्या मानानं तो उथळ झाला हेही तितकंच खरं.

वर सोंगटी घराबाहेर काढायला सहा पडायलाच हवा ही अट. ‘ॲप मुद्दाम सहा देत नाही’ ही तक्रार नागपुरातच काय, सगळीकडे ऐकू येते. फासा अगदी चोख असला तरी सलग दहा दानांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता सोळा टक्के निघते. चौघे खेळत असतील, तर दहा फेऱ्यांनंतर निदान एकाला तरी सहाचं तोंड दिसलेलं नसण्याची शक्यता जवळजवळ पन्नास टक्के. म्हणजे दर दोन डावांत एकदा कुणीतरी चिडून बसणारच. जमिनीवर खेळताना तो फाशाला शिव्या देतो, फोनवर ॲपला. यावर तोडगा घरातच आहे. ॲपमध्ये पहिल्या सहाची अट काढायची किंवा सुरुवातीला एक सोंगटी बाहेर ठेवायची सोय असेल तर ती चालू करावी, चौघांचा डाव बराच लवकर आटोपतो.

फोनकडे वळू. १९९७ च्या नोकिया ६११० वर साप आला, पण तो पटाचा खेळ नव्हे. पटखेळ खिशात घेऊन फिरायची सवय आपल्याकडे अनेकांना नोकिया ३३१० नं लावली. २००० साली आलेल्या या हँडसेटमध्ये सापाबरोबर बंटुमी नावाचा खेळ होता: दोन्ही बाजूंना खळग्यांची ओळ, एका खळग्यातल्या बिया उचलून पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायचं. आफ्रिकेतल्या मंकाला कुळातला हा खेळ. तमिळनाडूतली पल्लांगुळी त्याचीच चुलत बहीण. तो त्या फोनवर चपखल बसला याचं कारण पडदा. ८४ बाय ४८ ठिपक्यांच्या पडद्यावर बुद्धिबळाचा पट मांडला तर उंचीच्या हिशेबानं एका घराला जेमतेम सहा ठिपके येतात. सहा ठिपक्यांत घोडा आणि उंट वेगळे काढून दाखवा म्हटलं तर चित्रकार हात जोडेल. खळग्यातल्या बियांना मात्र नुसता आकडा पुरतो.

पुढची पाच-सहा वर्षं जावा फोनची, म्हणजे जावा भाषेत लिहिलेले छोटे खेळ चालवणाऱ्या फोनची. १२८ बाय १२८ ठिपक्यांचे रंगीत पडदे आले, पण सुरुवातीच्या अनेक हँडसेटवर एका खेळाची फाइल ६४ किलोबाइटच्या आत बसवावी लागे. व्हॉट्सॲपवर येणारा सुप्रभातचा फोटोही आज याहून जड असतो. धावपळीच्या खेळांना या चौकटीत श्वास घेता येईना. आळीपाळीच्या डावपेचांना ती पुरली, कारण चित्र क्वचितच हलतं आणि एकच चौकोनी तुकडा गवत म्हणून शंभर वेळा छापता येतो. एन्शंट एम्पायर्स हा त्यातला सर्वांत नीट बांधलेला खेळ. शिपाई गावं काबीज करतो, किल्ला मात्र राजालाच घेता येतो, त्यामुळे राजाला मागे लपवून ठेवणं परवडत नाही. गोफणयंत्र लांबवर मारा करतं, पण ज्या दानात हललं त्या दानात मारा नाही, आणि शेजारच्या घरावर तर नाहीच. नवखा खेळाडू नेमका इथं फसायचा: यंत्र पुढे न्यायचा, आणि पुढच्या दानात शत्रूचा शिपाई त्याला चिकटून उभा.

हे खेळ पैसे भरून उतरवून घेणारे थोडे. बहुतेक फाइली मेमरी कार्डात गाण्यांबरोबर भरून मिळायच्या, सीताबर्डीत काय आणि इतवारीत काय. त्यात हमखास होणारी चूक म्हणजे १२८ ठिपक्यांच्या पडद्यासाठी बांधलेली फाइल १७६ बाय २०८ च्या पडद्यावर टाकणं. मग खेळ डाव्या कोपऱ्यात गोळा व्हायचा आणि उरलेला पडदा पांढरा.

खरा बदल २००८-०९ चा. १० जुलै २००८ ला ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं. पण त्या वेळी बंद असलेलं ॲप फोनवर काहीच करू शकत नसे. समोरच्यानं खेळी केली की नाही हे पाहायला दर वेळी खेळ उघडावा लागे. जून २००९ मध्ये सर्व्हरकडून थेट सूचना पाठवायची सोय आली आणि पुढच्याच महिन्यात वर्ड्स विथ फ्रेंड्स हा शब्द जुळवायचा खेळ आला. ‘तुमची पाळी’ ही ओळ फोनवर उमटू लागली. सकाळी एक शब्द, जेवणाच्या सुट्टीत दुसरा, रात्री तिसरा. एकाच वेळी दहा जणांशी दहा डाव चालू ठेवता येऊ लागले.

कल्पना मात्र जुनी, टपालाच्या बुद्धिबळाची. पोस्टकार्डावर खेळी लिहून पाठवायची आणि उत्तराची वाट पाहायची. भाषेचा घोळ नको म्हणून आंतरराष्ट्रीय सामन्यांत आकड्यांची लिपी वापरत: उभ्या पट्ट्यांना एक ते आठ, आडव्या ओळींनाही एक ते आठ. ५२५४ म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे, ७१६३ म्हणजे राजाच्या बाजूचा घोडा बाहेर. चार आकड्यांत अख्खी खेळी. आज सर्व्हरला जाणारा निरोपही जवळपास एवढाच असतो, म्हणून असा डाव अडखळत्या नेटवरही चालतो.

अडतो तो सूचनांपाशी. २०१५ च्या सहाव्या अँड्रॉइडपासून फोन पडून असला की ॲपना झोपवलं जातं, आणि काही कंपन्यांचे फोन त्याहून कडक असतात. परिणाम असा की पाळी येऊन दोन दिवस झाले, कळलंच नाही, वेळ संपली म्हणून डाव हरला. सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग तो खेळ, मग बॅटरी, आणि तिथं ‘अनिर्बंध’ निवडायचं. तरीही नाही जमलं तर सूचनांची परवानगी तपासायची. तेराव्या अँड्रॉइडपासून ती ॲपला वेगळी मागावी लागते, आणि आपण घाईत ‘नको’ दाबलेलं असतं.

पुठ्ठ्याच्या पेटीतले खेळही याच लाटेत आले. कार्कासोन २०१० मध्ये आयफोनवर आला, तिकीट टू राइड २०११ मध्ये आयपॅडवर. कार्कासोनमध्ये ७२ फरशा जुळवत रस्ते, गावं, शेतं तयार होतात. टेबलावर खरी मारामारी शेवटी शेतांच्या गुणांवरून होते: कुठलं शेत कुठल्या पूर्ण झालेल्या गावाला लागून आहे, त्यात कुणाची माणसं जास्त. फोन हे निमिषात मोजतो. सोय मोठी, पण एक तोटा पदरात पडतो. ॲपवर शिकलेल्या माणसाला गुण का मिळाले हे पुष्कळदा सांगता येत नाही. चार डाव फोनवर झाले की एक डाव हातानं मोजून खेळावा.

खेळाच्या नक्कलेचा कायदेशीर प्रश्न आपल्याकडे आधीच येऊन गेला होता. कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांनी फेसबुकवर स्क्रॅबल या शब्दखेळाच्या धर्तीचा स्क्रॅब्युलस चालवला आणि तो तुफान चालला. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं नावाच्या साधर्म्यावर बोट ठेवलं, पण पटाच्या आणि नियमांच्या कॉपीराइटचा दावा मान्य केला नाही. नियमांवर मालकी सांगता येत नाही, नावावर येते. बाजारात लुडोची इतकी ॲप्स का, याचं उत्तर या एका वाक्यात आहे.

त्यातलं लुडो किंग नवी मुंबईच्या गेमेशनचं, २०१६ चं. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. २०२० च्या टाळेबंदीत पुण्यातला मुलगा, नागपुरातली आई आणि अमरावतीची मावशी एका पटावर बसू लागले. पैसे लावून खेळायची ॲप्सही याच काळात फोफावली. ती ‘कौशल्य की नशीब’ या जुन्या कायदेशीर भेदावर तगून होती: कौशल्याचा खेळ जुगार धरला जात नसे. ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला, आणि ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं तो भेदच बाजूला सारून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. पैसे न लावता खेळायला आडकाठी नाही.

इकडे डावपेचाच्या खेळांनी फासाच टाकून दिला. २०१६ च्या पॉलिटोपियात सर्वांत छोटा नकाशा ११ बाय ११ घरांचा, आणि एका प्रकारात ३० दानांत खेळ संपतो. लढाईत नशीब नाही. साध्या योद्ध्याची शक्ती दहा, हल्ला दोन, बचाव दोन, आणि मार खाऊन उरलेला शत्रू उलट मारतो. म्हणून आधी लांबून मारणारा, मग जवळचा, हा क्रम चुकला की सैन्य फुकट जातं. २०२२ मध्ये मोबाइलवर आलेला इन्टू द ब्रीच तर आठ बाय आठच्या पटावरच चालतो, आणि शत्रू पुढं काय करणार ते आधीच दाखवतो.

आठ बाय आठ म्हटलं की नागपुरात बुद्धिबळाला पर्याय नाही. रौनक साधवानी २०१९ मध्ये ग्रँडमास्टर झाला, संकल्प गुप्ता २०२१ मध्ये. २८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बाटुमीत दिव्या देशमुखनं कोनेरू हम्पीला जलद टायब्रेकमध्ये १.५-०.५ असं हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. त्यानंतर ज्या घरांत मुलांच्या हाती बुद्धिबळाचं ॲप आलं, त्यांनी पहिल्या स्पर्धेआधी एक गोष्ट समजून घ्यावी. फोनवर मोहरं उचलून, फिरवून परत जागी ठेवता येतं, दंड नाही. स्पर्धेत हात लागला की तेच मोहरं हलवावं लागतं, मग वजीर जाईना का. फोनवर शिकलेली मुलं विचार करता करता पटावर बोट ठेवतात आणि पहिल्याच फेरीत अडकतात. घरी लाकडी पट घ्या, स्पर्श-नियम लावा, आणि खेळी ठरेपर्यंत दोन्ही हात मांडीखाली.