बेघर निवारा केंद्र

बेघर निवारा केंद्र म्हणजे शहरात डोक्यावर छप्पर नसलेल्यांसाठी महापालिकेने किंवा नगरपालिकेने उभारायची बारमाही मुक्कामाची जागा. बोलण्यात ‘रात्रनिवारा’ हा शब्द रुळला असला, तरी तो फसवा आहे. हे केंद्र चोवीस तास उघडे असणे अपेक्षित आहे, कारण रात्रपाळी करून आलेला हमाल किंवा वॉचमन झोपतो तो सकाळीच.

बेघर आणि झोपडपट्टीवासी यांची नेहमी गल्लत होते. झोपडीला भिंती असतात, पुष्कळदा वीजबिल आणि फोटोपासही (झोपडीधारकाचे ओळखपत्र) असतो. बेघराकडे दाखवायला पत्ताच नसतो. रस्त्याकडेला, फुटपाथवर, मोठ्या पाइपांत, उड्डाणपुलाखाली, देवळाच्या आवारात किंवा फलाटावर उघड्यावर राहणाऱ्यांना जनगणना बेघर धरते. 2011 मध्ये 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत त्यांची मोजणी झाली. देशात ते सुमारे 17.7 लाख भरले, त्यांपैकी 9.4 लाख शहरांत. महाराष्ट्रातला आकडा सुमारे 2.1 लाख आणि मुंबईतला 57 हजारांच्या घरात होता. अशा मोजणीत सुटणारेही असतातच. लग्नाच्या केटरिंगला गेलेला पोऱ्या रात्री दीडला परततो, आणि दुकानाच्या फळीवर झोपणारा शटर पडेपर्यंत तिथे दिसतच नाही. म्हणून हे आकडे किमान समजावेत.

74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी 18 विषय नोंदवले. त्यांत कोंडवाडे आहेत, कत्तलखाने आहेत, दफनभूमी आहे. बेघर मात्र नाहीत. त्यांना ‘नागरी दारिद्र्यनिर्मूलन’ किंवा ‘दुर्बल घटकांचे हितरक्षण’ या शब्दांत बसवून घ्यावे लागते. साहजिकच या कामाला रेटा मिळाला तो न्यायालयांकडून. मुंबईच्या पदपथवासीयांबाबतच्या 1985 च्या ऑल्गा टेलिस निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, पण पावसाळा सरल्यावर मुंबईचे पदपथ मोकळे करायला मुभाही दिली. डिसेंबर 2009 मध्ये, ऐन थंडीत, दिल्लीत पुसा रोडवरचा तात्पुरता निवारा पाडला गेला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयातल्या अन्नाच्या हक्काच्या खटल्यात हा प्रश्न पुढे आला आणि 2010 मध्ये मोठ्या शहरांसाठी एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हे प्रमाण ठरले. 2013 च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने ते स्वीकारले : लाखामागे किमान 100 जणांची सोय, माणशी 50 चौरस फूट जागा, शिवाय पाणी, शौचालय, स्वयंपाकघर आणि वीज.

मुंबईपुरता हिशेब करून पाहावा. 2011 ची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख, म्हणजे 124 केंद्रे आणि 12,400 जागा. हे प्रमाण तंतोतंत पाळले, तरी नोंदलेल्या बेघरांपैकी जेमतेम पाचव्या हिश्शाची सोय होते. प्रमाण एकूण लोकसंख्येवर बेतलेले आहे, बेघरांच्या संख्येवर नव्हे. नियोजनाची मूळ चूक इथेच आहे. प्रत्यक्षात तर तेवढी केंद्रेही उभी राहिली नाहीत. अनेक शहरांतली रखडपट्टी पाहून सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

स्त्रिया, कुटुंबे, वृद्ध, आजारी आणि अपंग यांच्या गरजा वेगळ्या, म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र केंद्रे असावीत असे अभियानाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यांत कुटुंबांचा प्रश्न सर्वांत अवघड. पुरुषांच्या निवाऱ्यात बायकोला जागा नसते आणि स्त्रियांच्या निवाऱ्यात नवऱ्याला. मग कुटुंब पुलाखाली ताडपत्री बांधते. तिथे निदान चूल एक राहते आणि बोचक्यावर कुणाचा तरी डोळा असतो.

मुंबईच्या 2034 पर्यंतच्या विकास आराखड्यात बेघर निवारा, वृद्धाश्रम आणि नोकरदार महिलांची निवासस्थाने यांसाठी भूखंड आरक्षित केले गेले. पण आरक्षण हा नकाशावरचा रंग असतो. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे जागा विकत घ्या अशी नोटीस, बजावू शकतो, आणि त्यानंतरच्या मुदतीतही संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द होते. शिवाय भूखंड रिकामा सापडतो एकीकडे आणि काम असते दुसरीकडे. दादरच्या फुलबाजारात पहाटे ओझी उचलणाऱ्याला दूरच्या मानखुर्दला पलंग मिळाला, तर तो दादरच्याच फुटपाथवर पथारी टाकतो. त्या वेळी पायी पोचता येईल अशी त्याला तेवढीच जागा असते.