कार्बन साठवणुकीचे कर-क्रेडिट : कागदपत्रे पाठवण्यापूर्वी कृपया हे वाचावे

कारखान्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली साठवणाऱ्यांना अमेरिकेच्या करकायद्यातील कलम 45क्यूखाली करात सूट, म्हणजे क्रेडिट, मिळते. त्याचे काम आमच्या ह्यूस्टनच्या कचेरीत जानेवारीत सुरू होते आणि दरवर्षी तोच प्रश्न येतो : "मीटरचा आकडा दिला आहे, मग फॉर्म 8933 (क्रेडिट मागण्याचा फॉर्म) भरायला दीड महिना कशाला?"

मीटर सांगतो तो पकडलेला कार्बन डायऑक्साइड. भूगर्भातील साठवणुकीसाठी क्रेडिट मागताना मात्र विहिरीत सोडलेल्या वायूतून गळालेला आणि पुन्हा वर आलेला वायू वजा करावा लागतो, आणि हा हिशेब पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, मंजूर केलेल्या देखरेख आराखड्याप्रमाणे असावा लागतो. तेल वर काढण्यासाठी हा वायू ज्या तेलविहिरींत सोडतात, त्यांच्यासाठी त्याऐवजी आयएसओ 27916 या मानकानुसार स्वतंत्र तज्ज्ञाचे प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे.

सर्वाधिक वेळ खातो तो टनांचा घोळ. मागच्या हंगामात एका इथेनॉल प्रकल्पाची फाईल आली. वर्षाची बेरीज 13,000 टन होती आणि टनाला 85 डॉलर या दराने मालकांनी 11 लाख डॉलर गृहीत धरून भागीदारांना कळवूनही टाकले होते. कॉम्प्रेसरच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले "2,000 पौंड" आमच्या सहकारी ताईंच्या नजरेस पडले. म्हणजे तो अमेरिकी लहान टन होता. कायदा मोजतो मेट्रिक टन, सुमारे 2,205 पौंडांचा. रूपांतर केल्यावर उरले 11,793. त्या प्रकल्पाचे बांधकाम 2022 च्या दुरुस्तीनंतरचे असल्याने त्याला वर्षाला किमान 12,500 मेट्रिक टन पकडणे बंधनकारक होते, त्यामुळे त्या वर्षाचे सगळेच क्रेडिट हातचे गेले. ही गोष्ट नोव्हेंबरात कळली असती, तर निदान उरलेल्या आठवड्यांचे नियोजन करता आले असते.

आमच्या तपासणीला काहीजण अडवणूक समजतात, त्यांना 2020 ची आठवण द्यावीशी वाटते. अर्थखात्याच्या कर प्रशासन महानिरीक्षकांनी तेव्हा सिनेटर रॉबर्ट मेनेंडेझ यांना कळवले की दहा मोठ्या करदात्यांनी मागितलेल्या सुमारे 1 अब्ज डॉलरच्या क्रेडिटपैकी सुमारे 89 कोटी डॉलरचे दावे ईपीएच्या अटी न पाळता केलेले होते. आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याने, त्यातील 53 कोटींहून अधिक नाकारले होते. हा जनतेचा पैसा आहे, आणि जमिनीखाली न गेलेल्या टनासाठी तो मागणे आम्हाला मान्य नाही. म्हणूनच आम्ही क्रेडिटच्या टक्केवारीवर काम करत नाही, ठरावीक शुल्क घेतो. आकडा फुगला तरी आमचा फायदा नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये ईपीएने बहुतेक उद्योगांची हरितगृह वायूंची वार्षिक अहवाल-पद्धत बंद करण्याचा प्रस्ताव मांडल्यापासून "आता नोंदी कशाला ठेवायच्या?" असेही विचारले जाते. सुरक्षित साठवणुकीची अट करकायद्यातच आहे, आणि पुढे गळती झाली तर आधीच्या तीन वर्षांपर्यंतचे क्रेडिट परत करावे लागू शकते. नोंदी जपून ठेवाव्यात.

फाईल देताना मीटरच्या मासिक नोंदी, मीटर तपासणीचे दाखले, साठवणूकदाराशी झालेला लेखी करार आणि ईपीएला दिलेला अहवाल एकत्र द्यावा, व प्रत्येक बेरजेपुढे एकक लिहावे. 30 नोव्हेंबरपूर्वी नोंदवही दाखवल्यास एककांची प्राथमिक तपासणी आम्ही विनाशुल्क करून देतो. तिच्यासाठी पहिल्या पानाचा फोटोही चालेल.