तेलविघटक अवायुजीवी सागरी जीवाणू

ऑक्सिजन नसलेल्या सागरी गाळात राहून खनिज तेलातील हायड्रोकार्बन संयुगांचे विघटन करणारे जीवाणू. ऑक्सिजनवाचून ही संयुगे विघटित होत नाहीत, असा समज दीर्घकाळ रूढ होता. १९९१ मध्ये जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फ्रीड्रिख विडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेक्साडेकेन हा हायड्रोकार्बन खाऊन ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वसन करणाऱ्या जीवाणूचे वर्णन केले, आणि तो समज मागे पडला. पुढे सागरी गाळातून टोल्यूइन या हायड्रोकार्बनचे विघटन करणारा डिसल्फोबॅक्युला टोल्यूओलिका वेगळा करण्यात आला.

हायड्रोकार्बनमधील कार्बन-हायड्रोजन बंध अतिशय चिवट असतो. वायुजीवी जीवाणू ऑक्सिजनचा अणूच त्या रेणूला जोडून तो सैल करतात. अवायुजीवींना ही सोय नसल्याने त्यांतील अनेक जण फ्युमारेट हे लहान सेंद्रिय संयुग जोडतात, टोल्यूइनपासून बेंझिलसक्सिनेट बनवतात आणि मग त्याचे टप्प्याटप्प्याने कार्बन डायऑक्साइडपर्यंत ऑक्सिडीभवन करतात. या क्रियेत सुटणारे इलेक्ट्रॉन सल्फेट स्वीकारते व त्याचे सल्फाइड होते. समुद्राच्या दर लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असल्याने त्याचा तुटवडा सहसा पडत नाही. मात्र हे काम संथ चालते, आणि डांबरासारखे जड घटक वर्षानुवर्षे तसेच राहतात. म्हणून या जीवाणूंच्या भरवशावर तेलगळतीकडे काणाडोळा करणे योग्य नाही.

खाडीतला चिखल फावड्याने उलटला, तर वरचा तपकिरी पापुद्रा अनेकदा काही मिलिमीटरचाच निघतो व खाली सडक्या अंड्यांच्या वासाचा काळा थर लागतो. तो काळेपणा सल्फाइड आणि लोह यांच्या संयोगाचा असतो. हवा लागली की रंग पुन्हा तपकिरीकडे झुकतो. खानदेशातील काळ्या जमिनीचा रंग याहून वेगळ्या कारणाचा आहे, परंतु गावाबाहेरच्या तुंबलेल्या नाल्यातील काळा, वासाचा गाळ याच क्रियेने बनतो.

खानदेशाला किनारा नसला, तरी गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, अनेर या नद्यांचे पाणी तापीतून सुरतेपलीकडे अरबी समुद्राला मिळते. त्यामुळे गॅरेजमधून नाल्यात सोडलेले जळके ऑइल हा केवळ गावापुरता प्रश्न राहत नाही. त्यातील काही भाग गाळाला चिकटून वाटेतच, तापीवरील उकाईसारख्या जलाशयांत, बसतो. गोड्या पाण्यात सल्फेट कमी असते. तिथे नायट्रेट वापरणारे थॉएरा व अझोआर्कस या प्रजातींचे जीवाणू, लोह वापरणारे जीवाणू आणि मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीवसमूह अशा विघटनात भाग घेतात. साहजिकच, समुद्रातील गाळावरून काढलेला विघटनाचा वेग गिरणेच्या गाळाला जसाच्या तसा लावता येत नाही.